मूल पाय टेकवत नाही: हाडातला आणि सांध्यातला पू वेळेत कसा ओळखायचा

लंगडणारं मूल आलं की मी त्याला लगेच टेबलावर घेत नाही. आईला म्हणते, "ताई, त्याला खाली सोडा आणि तुम्ही दाराशी जाऊन उभ्या राहा." मग खुर्चीतच बसून बघते. मूल आईकडे धावत जातं, लंगडत जातं, रांगत जातं, की जागेवरच बसून हात पसरून रडतं? कालपर्यंत घरभर पळणारं मूल आज आईकडे जायलाही पाय टेकवत नसेल आणि अंगात ताप असेल, तर त्याच्या हाडात किंवा सांध्यात पू आहे असं मी धरून चालते. पू नाही, हे दाखवून देणं माझं काम. तोवर मुलाला घरी पाठवत नाही.

मी नाशिकमध्ये २६ वर्षं बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. हे लिहिते आहे ते पेठ, सुरगाणा, हरसूल, कळवण या भागातल्या आरोग्य केंद्रांत नव्यानं रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी आणि गावोगावी दवाखाना चालवणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी. असं मूल पहिल्या दिवशी माझ्याकडे येत नाही, तुमच्याकडे येतं. आईवडिलांनीही वाचावं, म्हणून शब्द शक्य तितके साधे ठेवले आहेत.

आधी माझी चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली. चौदा महिन्यांचा मुलगा होता. आईवडील पेठ तालुक्यातले, दिंडोरीकडे द्राक्षबागेत छाटणीच्या कामाला आलेले. बागेच्या कडेला झोपडी. "बाजेवरून पडला, तवापासून पाय धरतोय," वडील म्हणाले. अंग थोडं गरम होतं. एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. लचक भरली असेल म्हणून मी पॅरासिटामॉल दिलं आणि चार दिवसांनी यायला सांगितलं. ते पाचव्या दिवशी आले. खुब्यात सुई घातली तर सिरिंज पुवानं भरली. त्या मुलाच्या मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाचला नाही. आता तो तरुण आहे, एक पाय तोकडा आहे, बुटाला उंच तळ लावून चालतो. पहिल्या दिवसाच्या त्या एक्स-रेत काही दिसणं शक्यच नव्हतं, आणि हे मला पुस्तकातून पाठ होतं. तरीही तो स्वच्छ एक्स-रे बघून मला हायसं वाटलं, आणि तिथंच घात झाला.

जखम नाही, मग पू आला कुठून?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक आजी विचारते, आणि त्याचं उत्तर नीट कळलं की पुढची सगळी तपासणी आपोआप सुचते.

जंतू रक्तातून येतात. अंगावरच्या पिकलेल्या फोडातून, नाकातोंडातून, सर्दीखोकल्यात थोडे जंतू रक्तात उतरतात. एरवी शरीर त्यांचा बंदोबस्त करतं. पण मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी, वाढीच्या पट्टीला लागून, केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या वळण घेतात आणि तिथं रक्त संथ होतं. नदीच्या वळणावर गाळ बसावा तसे जंतू तिथं बसतात. या जागेला मेटाफिसिस म्हणतात. म्हणून गुडघ्याच्या वरचं मांडीचं हाड, गुडघ्याच्या खालची नडगी, खुबा आणि खांद्याजवळचं दंडाचं हाड या नेहमीच्या जागा. पडण्यानं तिथं थोडं रक्त साकळलं तर जंतूंना बसायला आयतीच जागा मिळते असं मानतात. शिवाय या वयाचं मूल रोज चारदा पडतंच. म्हणून "पडला होता" हे ऐकून पुवाची शंका सोडू नका.

हाड कडक असतं, फुगत नाही. आत पू साठला की दाब वाढतो, म्हणून दुखणं भयंकर असतं आणि बाहेरून पहिले एक-दोन दिवस काहीच दिसत नाही. मग पू हाडाच्या सालीखाली येतो. मुलांची ही साल हाडाला सैल चिकटलेली असते, त्यामुळे ती सहज उचलली जाते आणि खालच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. वेळेत पू निघाला नाही तर मेलेला तुकडा आत राहतो आणि वर्षानुवर्षं वाहणारं भोक पडतं. जुनी माणसं त्याला हाड्याव्रण म्हणायची.

साधारण १८ महिन्यांपर्यंत वाढीच्या पट्टीतून रक्तवाहिन्या आरपार जातात, त्यामुळे तान्ह्या बाळात हाडातला पू सरळ सांध्यात उतरतो. शिवाय खुबा, खांदा, कोपर आणि घोटा या चार ठिकाणी मेटाफिसिसचा काही भाग सांध्याच्या पिशवीच्या आतच असतो, म्हणून तिथं मोठ्या मुलातही हाड फुटून पू सांध्यात येऊ शकतो. सांध्यातला पू कूर्चा खातो. खुब्यात तर वाढलेल्या दाबानं गोळ्याचा रक्तपुरवठाच बंद होतो. बाकी सांध्यांचं नुकसान काही अंशी भरून येतं, खुब्याचं येत नाही. म्हणून खुब्याच्या बाबतीत मी तास मोजते.

जंतूंमध्ये सगळ्यात जास्त स्टॅफिलोकॉकस ऑरियस. फोडाफुन्सींचा हाच जंतू. पण ६ महिने ते ४ वर्षं या वयात किंगेला किंगी नावाचा एक जंतू असतो, तो फार सौम्यपणे वागतो. मुलाला ताप जेमतेम, रक्ताचे रिपोर्ट बरेचसे ठीक, खेळतंही थोडंफार, फक्त पाय टाकत नाही. नमुन्यातले जंतू वाढवून ओळखतात त्याला कल्चर म्हणतात, पण साध्या कल्चर प्लेटवर हा सहसा उगवतच नाही. पुढं त्याचं नाव पुन्हा येईल.

काय विचारायचं

पहिला प्रश्न: शेवटचं नीट कधी चाललं? दिवस नाही, वेळ विचारा. "काल संध्याकाळी आरतीच्या वेळी पळत होता" असं उत्तर मिळालं की घड्याळ कुठून सुरू झालं ते कळतं.

दुसरा: आतापर्यंत कोणकोणतं औषध झालं? चिठ्ठी नसते, पण पिशवीत बाटली असते. ती काढून बघा. पॅरासिटामॉल दोन तासांपूर्वी दिलं असेल तर तुमच्या थर्मामीटरवरचा ९९ खरा नाही. घशासाठी म्हणून अँटिबायोटिकचं सिरप दोन दिवस झालं असेल तर आजार अर्धवट दबलेला आहे. दुखणं कमी, ताप कमी, आत पू चालूच. अशी मुलं मला जास्त घाबरवतात.

तिसरा: मालीश, लेप, हाड बसवणाऱ्याकडे ओढणं, बिब्बा, डाग? हे विचारताना आवाजात राग नको. रागावलात तर आई पुढचं काहीच सांगणार नाही. आंबेहळदीच्या लेपानं सूज आणि लाली झाकली जाते, म्हणून तो कोमट पाण्यानं हळू पुसून मगच बघा. आणि आईला सरळ सांगा, "आजपासून या पायाला चोळायचं नाही, ओढायचं नाही."

बाकी: मागच्या महिन्यात अंगावर फोड, गोवर-कांजिण्या, कानातून पू, घरात क्षयरोग, घरात कुणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), बाळ जन्मल्यावर काचेच्या पेटीत होतं का, नाळेत किंवा जांघेत सुई घातली होती का.

हात कसा लावायचा

आईच्या मांडीवरच तपासा. मूल टेबलावर झोपवलं की ते रडतं, आणि रडणाऱ्या मुलाला सगळीकडेच दुखतं.

कपडे पूर्ण काढा. थंडीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडचं मूल तीन स्वेटर, दोन पायजमे घालून येतं, आणि सगळं काढायला आई कचरते. हीटर लावा, दार लोटा, पण काढा. एकदा दोन दिवस "पोटात दुखतंय" म्हणून फिरलेल्या मुलीचा पायजमा काढल्यावर मांडी दुसऱ्या मांडीपेक्षा उघड जाड दिसली.

हात लावण्याआधी एक मिनिट फक्त बघा. कोणता पाय हलतो आणि कोणता नाही? खुब्यात पू असेल तर मूल पाय दुमडून, बाहेर फाकवून आणि बाहेरच्या बाजूला वळवून ठेवतं, कारण त्या स्थितीत सांध्याच्या पिशवीत जास्तीत जास्त जागा मिळते. अशी ठेवण बघितली की माझं निम्मं निदान झालेलं असतं.

मग सुरुवात चांगल्या पायापासून. मुलाला कळू द्या की तुम्ही दुखवत नाही. नंतर दुखऱ्या पायाच्या दूरच्या टोकापासून वर या. एका बोटानं, एकाच जागी, हळू दाब. गुडघ्याच्या वर, गुडघ्याच्या खाली, घोट्याच्या वर. बघायचं मुलाच्या चेहऱ्याकडे, पायाकडे नव्हे. हाडात पू असेल तर एक ठरावीक जागा सापडते, जिथं दरवेळी चेहरा आक्रसतो. सांध्यात पू असेल तर सांधा कुठल्याही दिशेनं, थोडासुद्धा हलवू देत नाही. खुब्यासाठी मांडीवर तळहात ठेवून पाय लाटण्यासारखा आतबाहेर अलगद फिरवा. आत वळवताना मूल किंचाळलं आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर झालं.

गुडघा दुखतो असं सांगणाऱ्या प्रत्येक मुलाचा खुबा तपासा. खुब्याची वेदना त्याच मज्जातंतूच्या वाटेनं गुडघ्याकडे जाते. गुडघ्याचे दोन-दोन एक्स-रे झाले आणि खुब्याला कुणी हातच लावला नाही, अशी मुलं मी वर्षातून एकदा तरी बघते.

पायात काहीच सापडलं नाही तर पाठ बघा. खेळणं जमिनीवर ठेवा आणि उचलायला सांगा. मूल कंबर ताठ ठेवून गुडघ्यात वाकून उचलत असेल, किंवा बसायलाच नको म्हणत असेल, तर मणक्यांमधल्या चकतीत जंतुसंसर्ग असू शकतो. आणि पाय दुमडलेला असताना खुबा छान फिरतो, पण पाय सरळ केला की रडतं, तेव्हा पोटाच्या मागच्या सोआस स्नायूत पू शोधा. आपल्या उष्ण हवामानात स्नायूंतला पू विसरून चालत नाही.

तान्ह्या बाळाबद्दल वेगळं लिहायला हवं. त्याला ताप येईलच असं नाही. ते दूध कमी पितं, किरकिर करतं, आणि लंगोट बदलताना दरवेळी कळवळून रडतं. "कडेवर घेतलं की रडतं, खाली ठेवलं की गप्प," हे वाक्य आईच्या तोंडून आलं की कान टवकारा, कारण नेहमीचं बाळ याच्या उलट वागतं. एक हात हलवत नाही म्हणून जन्मावेळी नस ताणली गेली असेल असं सांगून परत पाठवलेली बाळं मी पाहिली आहेत. नस ताणली असेल तर हात पहिल्या दिवसापासून हलत नाही. दोन आठवडे छान हलणारा हात तिसऱ्या आठवड्यात लुळा पडला, तर त्या खांद्यात पू शोधायचा. पेटीत राहून आलेल्या बाळात एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पू असतो, म्हणून एक जागा सापडली तरी बाकीचे सांधे तपासायचे थांबू नका. त्यांच्यात क्लेब्सिएलासारखे जंतूही निघतात, त्यामुळे औषध वेगळं लागतं.

रक्ताचे रिपोर्ट आणि त्यातले खड्डे

मी चार गोष्टी मागवते: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी आणि ईएसआर (अंगात दाह किती आहे ते सांगणाऱ्या दोन चाचण्या) आणि ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं).

सीआरपी ६ ते ८ तासांत चढू लागतो आणि दीड-दोन दिवसांत शिखर गाठतो. ईएसआर सावकाश चढतो, सावकाश उतरतो. सकाळी दुखणं सुरू झालेल्या मुलाचा दुपारचा सीआरपी ठीक आला तर त्यावर विसंबू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. सीआरपीचं एकक बघितल्याशिवाय आकडा वाचू नका. २० मिलिग्रॅम प्रति लिटर आणि २ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे एकच आहेत, आणि एका लॅबमध्ये एक छापतात, दुसरीत दुसरं. लहान लॅबमध्ये अजूनही काचेच्या पट्टीवरची चाचणी होते आणि रिपोर्टवर नुसतं "पॉझिटिव्ह" येतं. त्याचा अर्थ साधारण ६ च्या वर, एवढाच. रोजचा चढउतार कळायला आकडा लागतो, तो मागून घ्या.

ईएसआर रक्त कमी असलेल्या मुलात उगाच चढलेला दिसतो, आणि सिकलसेलच्या मुलात उगाच कमी. आदिवासी पट्ट्यात दोन्ही भेटतात.

खुब्यासाठी बोस्टनच्या कोकर यांनी १९९९ मध्ये चार खुणा सांगितल्या: ताप ३८.५ अंश सेल्सियसच्या वर, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर १०१.३, पाय टेकवत नाही, ईएसआर ४० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. त्यांच्या मुलांत चारही असतील तर ९९ टक्क्यांहून जास्त वेळा पू निघाला, दोन असतील तर ४० टक्के. नंतर दुसऱ्या शहरात पडताळलं तेव्हा चारही असूनही ५९ टक्केच निघाले. पुढं सीआरपी २० च्या वर ही पाचवी खूण जोडली गेली. मी या खुणा वापरते, पण एकाच दिशेनं: जास्त असतील तर घाई करायला. एकच आहे म्हणून घरी पाठवायला मी त्या वापरत नाही. तान्ह्या बाळात आणि किंगेलात त्या फसतात.

ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्यायचं. एवढं एक वाक्य या लेखातून लक्षात राहिलं तरी पुरे. त्वचा स्पिरिट आणि बेटाडिननं पुसून वाळू द्या. घाईत ओल्या त्वचेतून घेतलं तर त्वचेवरचे जंतूच उगवतात. लहान मुलांची बाटली वापरा आणि वजनाप्रमाणे १ ते ३ मिली तरी रक्त घाला, अर्ध्या मिलीत काही उगवत नाही. भरलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवू नका. गावाकडून लसीच्या डब्यात, बर्फावर ठेवून आलेल्या बाटल्या मी पाहिल्या आहेत, पाठवणाऱ्यानं प्रेमानंच ठेवलेल्या असतात. साध्या खोलीच्या तापमानाला ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. निम्म्याहून जास्त मुलांत हे कल्चर निरंक येतं. तरी घ्या, कारण ज्यात उगवतं त्या मुलाचं पुढचं तीन-चार आठवड्यांचं औषध त्यावर ठरतं.

फोटो

एक्स-रे काढायचा तो फ्रॅक्चर, गाठ, ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), जुनं दुखणं बघायला. दोन्ही बाजूंचा काढा म्हणजे तुलना करता येते. मांसाची सूज दोन-तीन दिवसांत दिसू शकते, पण हाडातला बदल दिसायला १० ते १४ दिवस लागतात, कारण हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय फिल्मवर डाग उमटत नाही. चौथ्या दिवशीच्या रिपोर्टवर "हाड नॉर्मल" लिहिलेलं असतं ते बरोबरच असतं. पुवाबद्दल तो रिपोर्ट काहीच सांगत नाही.

खुब्यासाठी सोनोग्राफी उत्तम. भूल लागत नाही, लगेच होते, दोन्ही खुब्यांची तुलना करता येते. पाणी आहे की नाही ते कळतं. ते पाणी सर्दीनंतरचं साधं आहे की पू आहे, हे मात्र सोनोग्राफी सांगू शकत नाही. रिपोर्टवर "थोडं पाणी" वाचून शांत होऊ नका. "थोडं" हा शब्द मिलिलिटरचा आहे, धोक्याचा नाही. नडगीसारख्या वरवरच्या हाडाच्या सालीखालचा पूही सोनोग्राफीत दिसतो.

एमआरआय सगळ्यात खात्रीचा. पहिल्या काही दिवसांतच हाडाच्या मगजातली सूज दाखवतो, पू नेमका कुठं आहे आणि सांध्यासोबत हाडही गुंतलंय का ते सांगतो. पण लहान मुलाला भूल लागते आणि खर्च मोठा आहे. हाडाबद्दल शंका असेल, पाठ किंवा कंबरेचं हाड असेल, औषधानं उतार पडत नसेल, तर मी तो आग्रहानं करते. खुब्यात पाणी आहे, ताप आहे, सीआरपी चढलाय आणि मशीन उद्या सकाळी मिळणार आहे, तर मी थांबत नाही. आधी सुई.

सुई

सांध्यातला पू आहे की नाही हे सांध्यातलं पाणी काढूनच ठरतं. हे काम अस्थिरोगतज्ज्ञांचं. खुब्यात सोनोग्राफी बघत किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये, गुडघ्यात त्या मानानं सोपं. पण निघालेलं पाणी कुठल्या बाटलीत जाणार हे आधी ठरलेलं नसेल तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून मी सुई घालायच्या आधी ट्रेमध्ये बाटल्या मांडून ठेवते. पेशी मोजायला जांभळ्या झाकणाची ईडीटीए बाटली, नाहीतर पाणी गोठतं. ग्राम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि कल्चरसाठी निर्जंतुक साधी बाटली. आणि काही थेंब ब्लड कल्चरच्या बाटलीत, कारण किंगेला उगवला तर बहुधा तिथंच उगवतो. सोय असेल तर पीसीआर, म्हणजे जंतूची जनुकं शोधणारी चाचणी. पेशी ५०,००० च्या वर आणि त्यात बहुतेक न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतील तर पू धरा. पहिल्याच दिवशी किंवा किंगेलात आकडा कमीही येतो, म्हणून मूल आणि आकडा दोन्ही बघा.

हाडातून काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला की त्यात काहीच उगवत नाही. माझ्या एका पेशंटचा एकुलता एक नमुना असा गेला. तेव्हापासून दोन डब्या ठेवते: एक फॉर्मालिनची, पेशी बघण्यासाठी, एक निर्जंतुक सलाइनची, कल्चरसाठी आणि क्षयरोगाच्या सीबीनॅट चाचणीसाठी.

मूल स्थिर असेल आणि काही तासांत नमुना निघणार असेल, तर मी अँटिबायोटिक तेवढं थांबवते. अमेरिकेतल्या बालसंसर्गतज्ज्ञांनी २०२१ मध्ये हाडासाठी आणि २०२३ मध्ये सांध्यासाठी मार्गदर्शन लिहिलं, त्यातही नमुना आधी यावर भर आहे. पण मूल निस्तेज, हातपाय गार, धाप लागलेली असेल, तर ब्लड कल्चर घ्या आणि पहिला डोस त्याच मिनिटाला द्या. ते मूल वाचवणं आधी.

दुसरं काय असू शकतं

सर्दीनंतर ३ ते ८ वर्षांच्या मुलाचा खुबा दुखतो, ताप नसतो, मूल लंगडत का होईना चालतं आणि एक-दोन दिवसांत आयबुप्रोफेननं खुलतं. हे साधं. पावसाळ्याच्या शेवटी नाशिकमध्ये डेंगी-चिकुनगुनियाची मुलं सांधे धरून येतात, पण त्यांचे अनेक सांधे दुखतात आणि पांढऱ्या पेशी सहसा कमी असतात.

ल्युकेमिया मला सगळ्यात जास्त सतावतो. रात्री हाडं दुखतात, मूल फिकट, प्लेटलेट कमी. अशा मुलाला कुणी दुखण्यासाठी डेक्साचं, म्हणजे स्टेरॉइडचं, इंजेक्शन दिलं की दोन दिवस बरं वाटतं आणि निदान पुसलं जातं. पुवाच्या मुलातही तेच होतं. कृपा करून लंगडणाऱ्या मुलाला स्टेरॉइड देऊ नका.

आठवड्यांनी वाढत गेलेलं, मांडी बारीक झालेली, सीआरपी जेमतेम चढलेला, असं असेल तर क्षयरोग. फक्त दुधावर वाढलेलं, बेडकासारखे पाय पसरून पडलेलं, हात लावला की रडणारं मूल असेल तर हिरड्या बघा. स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार, अजून संपलेली नाही. सिकलसेलच्या मुलात हाडाचा रक्तपुरवठा अडला आणि हाडात पू झाला, दोन्ही सारखेच दिसतात. अडलेला रक्तपुरवठा जास्त भेटतो, पण ताप हटत नसेल तर साल्मोनेला हा जंतू डोक्यात ठेवून कल्चर घ्या. आणि पाय खरोखर लुळा आहे, दुखत नाही, गुडघ्याचा झटका मिळत नाही, तर पोलिओ निगराणीसाठी त्याच दिवशी कळवा. शंका असली तरी कळवा.

घाट उतरून येईपर्यंत

पेठहून नाशिक ५० किलोमीटरच्या वर, मध्ये कोटंबी आणि सावळ घाट. सुरगाण्याहून त्याहून लांब. तिकडून मूल पाठवताना तुम्ही दिलेली चिठ्ठी माझे दोन तास वाचवते. मला अशी चिठ्ठी हवी असते: "वय १ वर्ष ८ महिने. मंगळवारी संध्याकाळी ६ पर्यंत चालत होता. ताप १०२. उजवा खुबा आत वळवू देत नाही. पॅरासिटामॉल सकाळी ७ ला. अँटिबायोटिक दिलेलं नाही. शेवटचं दूध १० वाजता. ब्लड कल्चर सोबत." दूध कधी प्यायलं हे यासाठी की भूल देताना पोट रिकामं लागतं: आईचं दूध ४ तास, खाणं ६ तास. पाय आहे त्याच स्थितीत, घडी केलेल्या चादरीच्या आधारानं ठेवा, सरळ करायला जाऊ नका. १०८ बोलवा, मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलेल्या मुलाचे हाल बघवत नाहीत. पुढच्या डॉक्टरला फोन करा आणि "लंगडतोय" म्हणू नका, "खुब्यात पू वाटतोय" म्हणा. दुसरं वाक्य ऐकून थिएटर तयार होतं.

काही मुलांचं पहिल्या दिवशी ठरत नाही. ताप नाही, सीआरपी १२, सोनोग्राफीत पाणी नाही, आणि तरी पाय नीट टाकत नाही. अशा मुलाला शक्यतो दाखल करून दर ४-६ तासांनी तोच खुबा तोच हात लावून बघते. घरी सोडावंच लागलं तर अँटिबायोटिक देत नाही. आईला सांगते, ताप चढला किंवा पाय हलवणं थांबलं तर रात्री दोनला या, आणि काही झालं नाही तरी उद्या सकाळी या. मजुरी बुडते म्हणून वडील गप्प होतात, तेव्हा बागायतदाराचा नंबर घेऊन त्यांच्यासमोरच त्याला फोन लावते. बागेत कितीदा रेंज नसते, म्हणून शेजारच्या किराणा दुकानाचाही नंबर घेते. दोन्ही नंबर वहीत मुलाच्या नावापुढे लिहिते, शेजारी वेळ लिहिते, ९. सव्वानऊपर्यंत आले नाहीत तर फोन मी करते.